बांगड्यांचा आहेर



ह्या मालेचे आमंत्रण देताना चिटणिसांनी आम्हांला विचारले, विषय कोणता छापू? आम्ही सांगितले, "बांगड्या." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आपण कामगारांच्या प्रश्नावर बोलाल अशी आमची कल्पना होती." आम्ही म्हटले, "हा कामगारांचाच प्रश्न आहे." त्यांचे समाधान झाले असे चेहऱ्यावरून वाटले नाही, तरी त्यांनी विषय जसाच्या तसा छापला, ह्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे तिचे अनुकरण गावोगाव झाले. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, ही रीत. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते शास्त्र नव्हे, अनुभव आहे. आणि तो अभिमानाने सांगावा असाही नाही. आम्ही 'आम्ही' म्हणून बोलतो ही युनियनच्या माणसाची खोड आहे, ती आता जाणार नाही. परंतु त्या 'आम्ही'च्या आड लपण्याचा आमचा इरादा नाही.

गोष्ट २००३ सालची आहे. एका औद्योगिक वसाहतीतला विजेच्या मोटारी बनवणारा कारखाना. नाव सांगण्याचे कारण नाही. करार संपला होता, नवा होत नव्हता, कंत्राटी माणसांना कायम करण्याची मागणी मालक ऐकून घेत नव्हता, म्हणून संप पुकारला होता. एकेचाळिसाव्या दिवशी बातमी आली की मागच्या दाराने अकरा जण कामावर गेले. संप चालवलेल्या माणसाला ठाऊक आहे की असा दिवस फार नाजूक असतो. घरात पीठ संपलेले असते, बायको बोलत नाही, वाणी उधार देत नाही, आणि अकराचे बावीस व्हायला एक रात्र पुरते. लोकांना धरून ठेवण्यासाठी काहीतरी करणे भाग होते. आम्ही जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले तेच केले. एक ताट आणवले, त्यात डझनभर हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि एक खण ठेवला, आणि गेटसभेत जाहीर केले की संपफोड्यांना हा आमचा आहेर.

ताट कोणी धरायचे, हा प्रश्न आला. वाइंडिंग खात्यात एक पोरगा होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा. मोटारीच्या स्टेटरमध्ये तांब्याची तार भरण्याचे काम हे बोटांचे काम असते. तार ओढली जाऊन तिचे एनॅमल खरवडले की मोटार जळते. त्याच्या हातची मोटार परत आल्याचे आम्हांला आठवत नाही. चालणे हळुवार, बोलताना हात वळत, आवाज बारीक. त्याला कारखान्यात काय म्हणत ते ह्या सभेत उच्चारण्याचे कारण नाही. आपण सर्वांनी तो शब्द ऐकलेला आहे आणि आपल्यांतल्या बहुतेकांनी तो वापरलेला आहे. सभेच्या मागच्या बाजूने कुणीतरी त्याचे नाव घेतले. हशा झाला. आम्ही भाषण करीत होतो. सभा रंगात येते आहे हे आम्हांला दिसले, आणि आम्ही हात करून त्याला पुढे बोलावले. ताट आमच्या हाताने त्याच्या हातांत दिले. आमच्या त्या दिवसाच्या भाषणात दुसऱ्या कशालाही एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत.

त्याच सभेत कँटीनच्या मावशी उभ्या राहिल्या. त्या कंत्राटदाराकडे होत्या, पण एकेचाळीस दिवस आमच्याबरोबर दारात बसत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आत किती गेले?" आम्ही सांगितले, अकरा. "त्यांत बाई किती?" एकही नाही. "मग सगळे मिशावाले गेले, आणि बांगड्यावाली मी इथं उन्हात बसले. आहेर द्यायचाच तर मिशांचा द्या की. माझ्या बांगड्यांनी काय पाप केलं?"

पुन्हा हशा झाला. आम्हीही हसलो आणि म्हटले, "मावशी, ती बोलायची एक रीत आहे." त्या खाली बसल्या. संप अठ्ठावन्नाव्या दिवशी मिटला, करार बरा झाला, मावशींसह चौदा कंत्राटी कामगार कायम झाले. आमच्या हिशेबी ते आंदोलन जमेच्या बाजूला पडले. सहा महिन्यांनी वाइंडिंगमधल्या त्या पोराने राजीनामा दिला. चांगली नोकरी मिळाली असेल, असे आम्ही धरून चाललो. विचारले नाही.

तो आम्हांला पुन्हा भेटला तेरा वर्षांनी, २०१६ साली. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम अडकली होती. नोकरीच्या तारखा जुळत नव्हत्या. अशा कामासाठी माणसे युनियनच्या कचेरीत येतात तसा तो आला. दुसऱ्या गावी त्याने मोटार रिवाइंडिंगचे दुकान घातले होते, दोन पोरे हाताखाली होती. उजव्या हातात काचेच्या दोन बांगड्या होत्या. आम्ही त्या पाहिल्या आणि पाहिल्या नाहीत असे दाखवले. कागद झाले, चहा आला, आणि उगीच काही बोलायचे म्हणून आम्ही विचारले, "नोकरी सोडलीस का रे?"

तो म्हणाला, "भाऊ, त्या ताटानंतर माझं नाव बदललं. आधी मागून बोलायचे, मग तोंडावर बोलायला लागले. संडासात गेलो की दार बाहेरून धरून ठेवायचे. मग मी जाणंच बंद केलं. आठ तास पाण्याचा घोट घ्यायचा नाही. शेवटी मुतखडा झाला."

आम्ही म्हटले, "मग आमच्याकडे यायचं होतंस. तक्रार करायची होतीस."

तो आवाज न चढवता म्हणाला, "कुणाकडे करू, भाऊ? ताट तर तुम्हीच दिलं होतं."

सज्जनहो, आम्ही तीसहून अधिक वर्षे व्यवस्थापनाच्या टेबलासमोर बसत आलो आहोत. उत्तर सुचले नाही असे फार थोड्या वेळा झाले. त्या दिवशी सुचले नाही. आणि न सुचल्यामुळे माणूस जे करतो तेच आम्ही केले. आणखी एक मूर्ख प्रश्न विचारला. बांगड्यांकडे बोट दाखवून म्हटले, "मग तू स्वतःला बाई समजतोस का?"

तो हसला. "नाही, भाऊ. मी बाई नाही. तुम्ही म्हणता तसला पुरुषही नाही. मला लोक 'तो' म्हणतात, ते चालतं मला. पण तुमच्या मस्टरमध्ये दोनच रकाने आहेत, त्याला मी काय करू?"

आता ह्या एका माणसाच्या बोलण्यावरून आम्ही जे समजून घेतले ते आपणांसमोर ठेवतो. चुकले तर शंका-समाधानाच्या वेळी सांगावे.

पहिली गोष्ट अशी की आम्ही तीन निरनिराळ्या गोष्टींची एकच मोळी बांधली होती. माणसाची चालण्या-बोलण्याची, नटण्याची ढब ही एक गोष्ट. त्याचे मन कोणावर जडते ही दुसरी. आणि स्वतःच्या मनाशी तो स्वतःला काय मानतो ही तिसरी. आम्ही ढब पाहत होतो आणि उरलेल्या दोन्ही गोष्टींचा निकाल लावून मोकळे होत होतो. हळुवार चालणारा संसारी गृहस्थ असू शकतो. कुस्तीच्या आखाड्यातल्या पहिलवानाचे मन पुरुषावर जडलेले असू शकते. पुरुषाच्या देहात जन्मून स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती असते, आणि दोन्ही शब्द अंगाला बसत नाहीत असे सांगणारी व्यक्तीही असते. ह्या सर्वांना मिळून हल्लीची तरुण मंडळी 'क्विअर' असा इंग्रजी शब्द वापरतात. तो शब्द एके काळी इंग्रजीत शिवी म्हणून फेकला जाई. ज्यांच्यावर फेकला जाई त्यांनीच तो उचलला आणि स्वतःचे नाव म्हणून लावला. कामगार चळवळीतल्या माणसाला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बायकी पुरुषाला आम्ही का हसतो? तो पुरुष आहे म्हणून नव्हे. तो बाईसारखा आहे म्हणून. म्हणजे बाईसारखे असणे ही मुळातच उतरती गोष्ट, हे आम्ही आधी गृहीत धरलेले असते. तेव्हा त्या ताटाने एकाच वेळी तिघांचा अपमान केला. संपफोड्यांचा केला, तो हेतूच होता. त्या पोराचा केला. आणि मावशींचा केला, कारण त्यांच्या हातातली वस्तू आम्ही शिवी म्हणून वापरली. मावशींना हे त्याच क्षणी दिसले होते. आम्हांला दिसायला तेरा वर्षे लागली.

ह्या अपमानाची किंमत केवळ मनाला लागत नाही. ती पगारात लागते. आम्ही रकमांची भाषा बोलणारी माणसे, म्हणून तीच बोलतो. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे पाच कामगारांत एक बाई होती. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. सूत तुटले की बोटांनी अलगद सांधावे लागते, आणि त्याला बायकांचे नाजूक हात लागतात, असे मालक म्हणत. कसब मान्य होते. पण ते जन्मतःच आलेले, म्हणून फुकटचे. माग चालवणाऱ्या पुरुषाचे ते कौशल्य, कांडी भरणाऱ्या बाईचा तो स्वभाव! आणि स्वभावाला कोणी भाव देत नाही. पुढे रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, बाळंतपणाच्या भत्त्याचा मालकावर पडणारा खर्च, अशा कारणांनी गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. आमच्या चळवळीने त्यासाठी किती संप केले? उलट, घरचा पोशिंदा म्हणजे पुरुष, असे धरूनच मागणीपत्रे लिहिली जात. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा जो मोठा संप सुरू झाला तोवर गिरणीकामगार म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहावा, अशी स्थिती आलेली होती.

आजही पाहा. आशा योजना २००५ साली सुरू झाली. गावातल्या बाळंतिणीला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारी बाई ही कामगार नव्हे, स्वयंसेविका. तिला मिळतो तो पगार नव्हे, मोबदला. अंगणवाडीच्या सेविकेला मिळते ते मानधन. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना संपावर जावे लागले तेव्हा आम्ही त्यांच्या मोर्च्यात होतो. 'मानधन' हा शब्द आपल्या भाषेत फार गोड आहे. जेथे धन द्यायचे नसते तेथे मान देतात. पोराला भरवणे, आजाऱ्याला पुसणे, ही बायकांची कामे. ती मायेने होतात. मायेला दर नसतो. म्हणजे काम बायकी म्हटले की त्याचा दर पडतो, आणि पुरुषाला बायकी म्हटले की त्याचाही दर पडतो. दोन्हींच्या मुळाशी तिरस्कार एकच आहे. एका मुळाचे पाणी तोडायचे आणि दुसऱ्याला घालायचे, असे केले तर झाड वाळत नाही.

कोणी म्हणेल, हे विचार चळवळीला नवे आहेत. तसे नाही, आम्ही आमचाच इतिहास विसरलो. महाराष्ट्रात कामगार चळवळीचा पाया घालणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८९० साली गिरणीकामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी त्यांनी मुंबईत जी दहा हजारांची सभा भरवली तीत दोन कामगार बायका बोलल्या. त्याच वर्षी १० जूनपासून रविवारची सुट्टी लागू झाली. आज रविवारी आपण निवांत बसून हे व्याख्यान ऐकता आहात, त्यात त्या दोन बायकांचाही वाटा आहे. आणि ह्याच लोखंड्यांनी मुंबईच्या नाभिक बंधूंना संघटित करून, विधवेच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा संप घडवून आणला. पगारवाढीचा नव्हे. दुसऱ्याच्या देहाची विटंबना आमच्या हातून होणार नाही, असा तो संप. जिच्या बांगड्या फोडल्या तिच्यासाठी कामगारांनी हत्यार खाली ठेवले. त्या परंपरेच्या वारसांनी शंभर-सव्वाशे वर्षांनी बांगड्यांचे ताट शिवी म्हणून फिरवावे, ह्याला काय म्हणावे? त्याच्याही आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषजातीचा हिशेब मागितला होता. तो अजून चुकता झालेला नाही.

दुसरे म्हणणे असे येते की ही सगळी पश्चिमेकडची खुळे आहेत. आपण घारापुरीला जाऊन या. मुंबईहून बोटीने तासाभराचा रस्ता आहे. तेथल्या मोठ्या लेण्यात अर्धनारीश्वर कोरलेला आहे. एक अंग पुरुषाचे, एक स्त्रीचे, आणि देव एकच. तो काही विलायतेहून आणलेला नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांना 'माऊली' म्हणतात. तेराव्या शतकातल्या एकवीस वर्षांच्या पुरुषाला महाराष्ट्र सातशे वर्षे 'माऊली' म्हणतो आहे, आणि विठ्ठलाची 'विठाई' करतो आहे. एकनाथांनी गौळणीच्या तोंडून बोलून अभंगरचना केली. गेल्या शतकात बालगंधर्व स्त्रीवेषात रंगभूमीवर आले की नेसावे कसे हे घराघरांतल्या बायका त्यांच्याकडे पाहून शिकत. साने गुरुजी खानदेशात शेतकऱ्या-कामगारांत राबले, तुरुंगात गेले, १९४७ साली विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. आणि लोकांनी त्यांना कोणती पदवी दिली? मातृहृदयी. म्हणजे पुरुषातले बाईपण आपण देवळात पुजतो, वारीत वाखाणतो, नाटकात त्याला टाळ्या देतो. फक्त ते आपल्या खात्यात, आपल्या पाळीला, आपल्या शेजारच्या टेबलावर बसलेले आपल्याला खपत नाही.

उलट, पश्चिमेकडून आले असेल तर ते दंडविधानाचे कलम. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ वे कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातले. ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले. त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला होता. २०१९ साली संसदेने तृतीयपंथीयांविषयी कायदा केला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि तो प्रश्न विधिमंडळाचा म्हणून सोडून दिला. कायदे होतात, बदलतात, त्यांवर वाद होतात. आम्ही त्यांच्या तपशिलात शिरत नाही. कामगाराला ठाऊक असते की कायदा पुस्तकात असला तरी तो खात्यात उतरवण्यासाठी माणसे लागतात.

अशा माणसांत एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ ते १९५३ अशी पंचवीसहून अधिक वर्षे चालले. वाचकांनी लैंगिक आयुष्याविषयी विचारलेल्या प्रश्नांची ते सरळ उत्तरे देत. त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचेही प्रश्न असत. अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, आणि लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आता ध्यानात घ्या की १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे जे विधेयक आले त्याच्या बाजूने बोलणारे हेच आंबेडकर. गिरणीतल्या बाळंतिणीची रजा आणि ज्याविषयी बोलण्याची लाज वाटावी असा माणसाचा खाजगी प्रश्न, ह्या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच न्यायाच्या वाटल्या. बाळंतपणाच्या भत्त्याची आठवण आमची चळवळ काढते. त्या खटल्याची काढत नाही.

आता एक आक्षेप राहिला, आणि तो आमच्याच घरातला आहे. अंगणवाडीचे काम पाहणाऱ्या आमच्या एक ताई आहेत. त्यांना हे सगळे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या सासूनं माझे हात बांगड्यांनी भरले. नवरा गेला तेव्हा त्याच हातांवर दगड घालून त्या फोडल्या. घालणंही माझ्या हाती नव्हतं, काढणंही नव्हतं. ज्या बेडीतून आम्ही सुटायला झटतो, ती हा हौसेनं घालतो. ह्याचं मी कौतुक करू?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही बरेच दिवस त्यावर विचार केला. शेवटी आमच्या धंद्यातलेच उदाहरण कामी आले. डोक्यावर मातीची पाटी वाहणे हे एकच काम आहे. सावकाराच्या हुकमाने वाहिली तर ती वेठ. गावाच्या तळ्यासाठी आपणहून वाहिली तर ते श्रमदान. पाटी तीच, वजन तेच, मानही तितकीच दुखते. फरक एवढाच की 'नाही' म्हणण्याची मुभा आहे की नाही. बांगडीचेही तसेच आहे. ताईंवर ती लादली आणि हिसकावली. त्या पोराला ती घालू दिली नाही. दोघांचेही मनगट दुसऱ्याच्या ताब्यात होते. म्हणून ताईंची मागणी आणि त्याची मागणी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. मनगट माझे आहे, एवढीच दोघांची मागणी आहे. ताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पटतंय, पण पुरतं नाही. बाईनं 'नाही' म्हटलं तर तिला घराबाहेर काढतात, हे विसरू नका." आम्ही ते विसरत नाही, आणि पुरते पटल्याचा दावाही करीत नाही. 'नाही' म्हणण्याची किंमत जोवर भाकरीत मोजावी लागते तोवर कोणाची हौस कितपत खरी, हे सांगणे अवघड. म्हणूनच आधी समान काम, समान दाम. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला तो स्त्री-पुरुषांपुरता होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांशी आमचे अनेक मुद्द्यांवर भांडण आहे आणि ते चालूच राहील. तरी वेतन संहितेत 'लिंगावरून' वेतनात भेद करू नये असा मोघम, व्यापक शब्द आला आहे, तो आम्ही हातचा सोडणार नाही. त्या शब्दात मावशी बसतात आणि तो पोरगाही बसतो.

पोटाचा प्रश्न आधी, हे असले मागाहून, असे आमचे काही जुने सहकारी म्हणतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की ज्याला आठ तास पाणी न पिता काम करावे लागले, त्याचा प्रश्न पोटाचा होता की आणखी कशाचा? १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्रिया आणि पुरुष ह्यांच्यासाठी वेगळे, आडोशाचे संडास हवेत असे कलम होते. आम्ही त्या कलमावर निरीक्षकांशी भांडलो, नळाच्या तोट्या मोजल्या, दाराच्या कड्या मोजल्या. पण कडी आतून लावलेल्या माणसाला बाहेरून कोण कोंडते, हे मोजायचे राहिले. कोंडणारे मालकाचे नव्हते. ते आमचे सभासद होते, नियमाने वर्गणी भरणारे.

२०१७ साली आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत आम्ही ठराव मांडला. आमच्या कोणत्याही आंदोलनात बांगड्या, खण, साडी ह्या वस्तू अपमान म्हणून दिल्या जाणार नाहीत. आणि कोणा कामगाराला त्याच्या ढबीवरून वा ओळखीवरून छळणारा सभासद हा संपफोड्याइतकाच दोषी धरला जाईल. ठराव सहज मंजूर झाला असे सांगितले तर ते खोटे ठरेल. दोन तास वाद झाला. एका ज्येष्ठांनी सभात्याग केला. "उद्या मोर्च्यात लोकांना चेतवायचं कशानं?" असा प्रश्न आला. मावशी तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण मुद्दाम आल्या होत्या. त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिशांचा आहेर द्या म्हटलं होतं, तेव्हा हसलात." ह्या वेळी कोणी हसले नाही. ठराव नऊ मतांनी मंजूर झाला.

ठरावाची प्रत आम्ही त्याला पाठवली. सोबत चार ओळी लिहिल्या. माफी मागायला आम्हांला चांगली भाषा येत नाही. मालकाकडून मागवण्याची सवय, स्वतः मागण्याची नाही. तरी मागितली. फंडाची रक्कम त्याला चार महिन्यांत मिळाली, हे कळले. पत्राचे उत्तर आले नाही. पुढच्या १ मेच्या सभेला यावे म्हणून निरोप धाडला, तर तो म्हणाला, "त्या गेटासमोर मी नाही येणार." आम्ही रागावलो नाही. ज्याला एकदा व्यासपीठावर बोलावून हसे केले, त्याने दुसऱ्यांदा बोलावल्यावर यावे, असा आमचा काही हक्क नाही.

ह्या सभागृहात पाच-सहाशे मंडळी बसली आहेत. कोणाच्या कचेरीत, कोणाच्या वर्गात, कोणाच्या घरात असा एखादा मुलगा वा मुलगी असेल. आपण त्यांच्यासाठी फार मोठे काही करावे असे आम्ही म्हणत नाही. ताट पुढे येईल तेव्हा ते कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवणारा एक हात असतो, आणि हसणारी शंभर तोंडे असतात. तो हात आमचा होता. तोंडे कोणाची असतील ते आपण आपल्याशी पाहावे.

प्रश्न असतील ते विचारावेत. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगू.